सराफ्यातला केर, गोदावरीतला गाळ

नांदेडच्या सराफ्यात केर फेकला जात नसे. कानशीची पूड, मुशीच्या ठिकऱ्या, शेगडीची राख, हात धुतलेलं पाणीसुद्धा आमचे अप्पा साठवून ठेवत. दिवाळीच्या आधी केर धुऊन सोनं काढणारा झारेकरी यायचा, चिमूटभर माती तळहातावर चोळून बघायचा आणि सौदा ठरवायचा. दुकानासमोरच्या नालीतला गाळही तोच उपसून न्यायचा.

हा केर पुढे नदीवर जाई. घमेल्यात पाणी खेळवून हलकी माती वाहू द्यायची, तळाला जड उरेल त्यात पारा चोळायचा. पारा सोनं धरतो. तो गोळा फडक्यातून पिळून तापवला की पारा धूर होऊन उडतो. मग तेजाब. त्यात चांदी, तांबं विरघळतं, सोनं खाली बसतं. त्याच पाण्यात तांब्याचा पत्रा सोडला की चांदी त्यावर करड्या कापसासारखी चढते आणि पाणी निळंशार होत जातं. लहानपणी तो रंग मला फार आवडायचा. ते विरघळलेलं तांबं होतं, आणि ते नालीवाटे गोदावरीतच जायचं.

काळ्या मातीचे बारीक कण असे धातू धरून ठेवतात. पाणी पुढे जातं, पारा आणि शिसं तळाशी राहतं. आम्लता वाढली की शिसं, तांबं पुन्हा सुटतं.

मोबाईल-कॉम्प्युटरच्या सर्किट पाट्यांतून सोनं काढायला आजही तेजाबच वापरतात. माल मात्र बदलला. जुन्या पाट्यांवरच्या डागात, म्हणजे सोल्डरमध्ये, सुमारे ३७ टक्के शिसं असे, पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं, जुन्या बॅटऱ्यांत कॅडमियम. पितळी भांड्यांच्या मुरादाबादेत हा ई-कचऱ्याचा धंदा रुजला. रामगंगेच्या काठी जळक्या पाट्यांची काळी राख धुतली जाऊ लागली आणि २०१५ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं तिथल्या माती-पाण्यातले जड धातू मोजून दाखवले. धातूचं कसब जिथे जुनं, तिथे हा धंदा चटकन मूळ धरतो. म्हणून मला नांदेड-लातूरची काळजी वाटते. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू आहेत, पण भंगाराच्या गाड्यावर ते वाचतो कोण?

गोदावरीवरचा विष्णुपुरीचा बंधारा नांदेड शहराच्या वरच्या अंगाला आहे. उन्हाळ्यात शहराखालच्या पात्रात नदीचं पाणी थोडं आणि नाल्यांचं फार. गाळ तिथेच बसतो. पुरात तो खालच्या बाभळी बंधाऱ्याकडे सरकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे बाभळीचे १४ दरवाजे दर १ जुलैला उघडतात आणि पाणी तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणाकडे जातं. शिवाय २०१७ च्या गाळमुक्त धरण योजनेपासून गाळ शेतात नेण्याची सवय लागली आहे. चांगली सवय आहे. पण शहराखालचा गाळ कुणाच्या वावरात पडण्याआधी त्यातला पारा, शिसं, कॅडमियम मोजलंच पाहिजे. नमुने मे महिन्यात घ्यावेत: नाल्यांच्या तोंडाशी, घाटाखालच्या डोहात, आणि तुलनेसाठी विष्णुपुरीच्या वर. नुसता वरचा चिखल खरवडून भागणार नाही. हातभर नळी खोल खुपसून थर वेगळे करावेत, म्हणजे झारेकऱ्याच्या काळातलं किती आणि मोबाईलच्या काळातलं किती, याचा काही अंदाज येईल.