वजनावर विकू नये असे पितळ

सिल्वासात आजही रेल्वे नाही. गाडी पकडायची तर वापी गाठायची, सुमारे १८ किलोमीटर. नगर हवेली मराठ्यांकडून १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि दादरा त्यानंतर दोन वर्षांनी. पुढे १८६४ मध्ये बी. बी. अँड सी. आय. कंपनीची लाइन सुरतेकडून मुंबईला पोचली, ती इंग्रजांच्या मुलखातून, वापीवरून. आतली हवेली बाजूलाच राहिली. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले, नंतर कारखाने आले, पण रूळ काही आले नाहीत. तेव्हा आपल्या गावात आगगाडीचा इतिहास सापडलाच तर तो स्टेशनावर सापडणार नाही. सापडेल एखाद्या घरातल्या काचेच्या कपाटात, नाहीतर जुन्या पितळेच्या मोडीत. आणि मोड द्यायची की ठेवायची, हे घरोघरी कोण ठरवते? आपण बायकाच.

म्हणून ही गोष्ट आपल्यासाठी. पितळेचे छोटे इंजिन दिसले की आपण म्हणतो, मुलांचे खेळणे. पण या खेळण्याला चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पितळेची छोटी इंजिने विकली जात. त्यांत खरेच पाणी भरायचे, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, आणि वाफेवर ती जमिनीवरून धावायची. मागे पाण्याची धार सांडत जायची, म्हणून त्यांचे नावच पडले ‘बर्मिंगहॅम ड्रिबलर’. लाळ गळणारे बाळच म्हणा ना! त्या घरच्या बायकांना मागे फडके घेऊन फिरावे लागत असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नसले तरी आपल्याला कळते.

आपल्याकडे हा शौक आधी राजेरजवाड्यांचा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरते. तिच्या डब्यांत पाहुण्यांसाठी पेय आणि चिरूट. सामान्य माणसाला अशी दुनिया बघायची तर पुण्यात कोथरूडला जावे. भाऊसाहेब जोशी यांनी हौसेने जमवलेल्या छोट्या रेल्वेचे संग्रहालय तिथे १९९८ पासून आहे. मुलांना न्याल आणि स्वतःच रमाल.

ज्याला जाणकार ‘ब्रास मॉडेल’ म्हणतात, ते मात्र मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरचे, आणि जपानचे. युद्धात देश होरपळलेला, हातात कसब भरपूर आणि मजुरी स्वस्त. तिथले कारागीर पातळ पत्रा कापून, एकेक नळी, एकेक कठडा सोल्डरने जोडून अमेरिकन इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती करू लागले. टोकियोच्या गिंझा पेठेतले ‘तेनशोदो’ हे घड्याळे-दागिन्यांचे दुकान या कामात नावाजले. माल जायचा अमेरिकेला, ‘पॅसिफिक फास्ट मेल’सारख्या कंपन्यांकडून. पुढे जपानमध्ये मजुरी वाढली तसे काम कोरियात गेले. एका नमुन्याचे थोडेच नग निघत, म्हणून ते दुर्मीळ. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात वीस मीटरचे इंजिन वीतभर होते. त्या वीतभरात शेकडो तुकडे!

पितळच का? त्याला लोखंडासारखा गंज चढत नाही, सोल्डर छान धरतो, आणि बारीक भाग मेणाच्या साच्यातून ओतता येतात. आपल्या मंदिरांतल्या धातूच्या प्रतिमा शतकानुशतके याच रीतीने घडल्या. त्या प्रतिमेच्या पाठीवर लेख असतो. संवत, तिथी, कोणी करवली, कोणत्या घराण्याने. इतिहासकार आधी प्रतिमा वळवून पाठ वाचतात. इंजिनाचेही तसेच करायचे. उलटे करून पोट बघायचे. करणाऱ्याचे नाव, देशाचे नाव, आकडा, काही कोरलेले आहे का? आपल्या आजीच्या घागरीवरही नाव आणि साल कोरलेले असायचेच की.

जुने इंजिन विकत घ्यायचे मनात असेल तर मुंबईचा चोरबाजार आहे, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. पण डोळे उघडे ठेवा. मुरादाबादकडची शोभेची जड इंजिने ‘अँटिक’ म्हणून खपवली जातात. ती वाईट नाहीत, पण ती शोभेची. त्यांची चाके जाड असतात, कधी फिरतही नाहीत. खऱ्या मॉडेलची चाके बारीक, कडेला पातळ ओठ असलेली, आत मोटर आणि दात्यांची चाके. सांधे बघा, उखडलेला कठडा बघा, डबा आहे का विचारा. मूळ खोक्याने किंमत वाढते. मात्र खोक्यातला जुना स्पंज चिकट झाला असेल तर तो इंजिनाला लागू देऊ नका, रंग खातो. घरच्या विजेला थेट कधी जोडू नका, अशी बहुतेक मॉडेल्स १२ व्होल्टवर चालतात. आणि घाई नको. आता प्लॅस्टिकची मॉडेल्सही फार सुबक निघतात, त्यामुळे पितळेच्या पुष्कळशा जुन्या इंजिनांचा भाव पूर्वीइतका राहिलेला नाही. शांतपणे घासाघीस करता येते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. चिंच लावू नका, पीतांबरी लावू नका! पितळ दिसले की आपले हात शिवशिवतात. पण इथे घासले की वरचा लॅकर जातो, कोरलेली अक्षरे बुजतात, पाणी मोटारीत शिरते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे.

स्टील आले तशी आपण किती घागरी, किती परातड्या मोडीत दिल्या! काट्यावर फक्त किलो दिसतो. घागरीवरचे नाव दिसत नाही, टोकियोत दिव्याखाली वाकून कठडा जोडणारा माणूसही दिसत नाही. पितळ वितळून पुन्हा पितळ होईल. नाव पुन्हा होत नाही. म्हणून भंगारवाला दारात आला की त्याला दोन मिनिटे थांबवायचे, वस्तू उलटी करायची, चष्मा लावायचा आणि वाचायचे. मग द्यायची तर खुशाल द्या.