वांशिक समतेची भाषणे : किंग आणि मंडेला
मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) व नेल्सन मंडेला (१९१८–२०१३) यांनी सुमारे आठ महिन्यांच्या अंतराने केलेली दोन ऐतिहासिक भाषणे. किंग २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकापाशी सुमारे अडीच लाखांच्या समुदायापुढे बोलले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील समतेचे वचन राष्ट्राने पाळावे, ही त्यांची मागणी होती. अखेरीस लिखित मसुदा बाजूला ठेवून त्यांनी चर्चमधील प्रवचनाच्या लयीत भावी समतेचे स्वप्न मांडले. मंडेला यांनी २० एप्रिल १९६४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे घातपाताच्या आरोपावरून चाललेल्या रिव्होनिया खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून सुमारे तीन तास निवेदन केले. देहदंडाची शक्यता असताना त्यांनी घातपाताच्या मार्गाची कारणमीमांसा केली आणि गोऱ्यांच्या व काळ्यांच्या अशा दोन्ही वर्चस्वांना विरोध नोंदविला.

किंग यांचा आग्रह अहिंसेचा होता. मंडेला यांनी शांततेचे मार्ग खुंटल्यावर सशस्त्र लढा स्वीकारला होता. एकाचे आवाहन जनसमुदायाच्या सदसद्विवेकाला, तर दुसऱ्याचा युक्तिवाद न्यायालयापुढे होता. सर्व वंशांचे सहजीवन हे मात्र दोघांचेही ध्येय होते. अमेरिकेत जुलै १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला. मंडेला यांना जन्मठेप झाली व १९९० मध्ये त्यांची सुटका झाली.