चार परिचारिका आणि त्यांचे चार नियम

१८९४ साली लंडनच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या डॉक्टरांच्या नियतकालिकाने मोठी ओरड केली. शहरात मालीशगृहे फार झाली आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या पाटीआड कुंटणखाने चालतात, अशी ती ओरड होती. कामाच्या शोधातल्या मुलींकडून शिकवणीची फी घ्यायची, कवडीमोलाचे प्रमाणपत्र हाती द्यायचे आणि काम न मिळाल्याने त्या कर्जात रुतल्या की नको त्या धंद्याला लावायचे, असा हा प्रकार होता. डॉक्टरमंडळींचा रोख नीतीवर होता. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचे लक्ष मात्र त्यातल्या कर्जाकडे आधी जाते. मुकादमाने उचल देऊन ऊसतोडीला बांधून नेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. ही रीत आम्हांला अनोळखी नाही.

या गदारोळात खऱ्या अर्थाने मालीशचे शिक्षण घेतलेल्या, रुग्णाच्या आखडलेल्या सांध्यावर प्रामाणिकपणे हात चालवणाऱ्या बायकांची पंचाईत झाली. आपला धंदा सांगावा तर लोक वेगळ्याच नजरेने पाहणार! तेव्हा त्याच वर्षी रोझलिंड पॅजेट, ल्यूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघी पुढे आल्या आणि त्यांनी प्रशिक्षित मालीशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. चौघीही परिचारिकेच्या व सुईणीच्या कामातून आलेल्या. आज जिला आपण भौतिकोपचार किंवा सरळ फिजिओथेरपी म्हणतो, त्या व्यवसायाची इंग्लंडातली संघटित सुरुवात ती हीच.

संस्थेने लौकरच परीक्षा सुरू केल्या आणि सभासदांवर नियम घातले. त्यांतले चार प्रसिद्ध आहेत. डॉक्टरच्या सांगण्यावाचून मालीश करायचे नाही. पुरुषांना सर्वांगाचे मालीश करायचे नाही. डॉक्टरने खास प्रसंगी सांगितले तरच अपवाद. वैद्यकीय पत्रांखेरीज कुठेही जाहिरात द्यायची नाही. रुग्णाला औषधे विकायची नाहीत.

सुविद्य इतिहासकार या नियमांत व्हिक्टोरियाकालीन सोवळेपणा पाहतात, आणि तो आहेच. परंतु आम्ही ते वाचतो तेव्हा आम्हांला त्यात एका असंघटित, बदनाम धंद्यातल्या बायकांनी आपली अब्रू वाचवण्यासाठी बांधलेली एकी दिसते. जाहिरातबंदी म्हणजे एकमेकींच्या पोटावर पाय न देण्याचा करार. औषधे न विकणे म्हणजे रुग्णाच्या अगतिकतेवर दुकान न मांडण्याचा करार. ज्या पाटीआड चार वेगवेगळे व्यवहार चालतात ती पाटी कुणालाच संरक्षण देत नाही, ही अक्कल त्यांना अनुभवाने आली होती. हमालांच्या तोळ्यांमध्येसुद्धा असे न लिहिलेले कायदे असतात. त्यांना कुणी नीतिशास्त्र म्हणत नाही एवढेच.

पहिल्या नियमाची गोष्ट मात्र निराळी. डॉक्टरच्या आज्ञेवाचून हात लावायचा नाही, ही अब्रूसाठी मोजलेली किंमत होती. समाजात डॉक्टरच्या शब्दाला वजन होते. त्याच्या सावलीत उभे राहिले की कुणी बोट दाखवणार नाही, हा हिशेब त्या काळी चुकीचा नव्हता. पण या हिशेबात रुग्णाचे काय झाले ते पाहा. जिचा हात रोज त्या गुडघ्यावर फिरतो, तिला काही वेळा डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा अधिक कळते. चिठ्ठीतला उपचार निरुपयोगी आहे असे तिला दिसले, तर तिने बोलावे की न बोलावे? नियम सांगत होता, आज्ञा पाळ. अमेरिकेतल्या भौतिकोपचारकांच्या संस्थेने १९३५ साली आपली नीतिसंहिता केली, तीत तर निदान करणे आणि उपचार ठरवणे हे सर्वस्वी डॉक्टरचे काम असून सभासदाने ते अंगावर घेणे अनैतिक होय, असे स्पष्ट लिहून ठेवले. म्हणजे रुग्णाच्या हिताचा विचार स्वतः करणे हाच नीतिभंग ठरला! अब्रू आली आणि जीभ गेली.

पुढची वाटचाल वेगाने झाली. १९१४ च्या महायुद्धात जखमी सैनिकांचा लोंढा येऊ लागला. पुरुषांना हात न लावण्याचे सोवळे गोळ्यांनी मोडलेल्या हाडांपुढे किती टिकणार? ऑगस्टात पन्नास मालीशकर्त्या स्त्रियांची एक तुकडी ऑलमेरिक पॅजेट दांपत्याच्या खर्चाने लष्कराच्या सेवेला देण्यात आली, आणि ती पुढे वाढतच गेली. १९२० साली संस्थेला राजसनद मिळाली, पुरुषांनाही सभासदत्व खुले झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ हे नाव घेतले. १९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि या मंडळींपैकी पुष्कळ जण सरकारी पगारदार झाले. व्यवसाय सन्माननीय, पगार तुटपुंजा आणि चिठ्ठी डॉक्टरचीच.

आमच्या दृष्टीने या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची दोन वर्षे म्हणजे १९७६ आणि १९७७. १९७६ साली ही राजसनद मिळालेली, अदबशीर संस्था रीतसर कामगार संघटना झाली. १९७७ साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने परिपत्रक काढून मान्य केले की, उपचार कोणता व किती दिवस द्यायचा हे ठरवण्याची पात्रता आणि जबाबदारी भौतिकोपचारकाची आहे. एकामुळे दुसरे घडले असा दावा आम्ही करत नाही. त्या परिपत्रकामागे बरीच वर्षे चाललेली खटपट होती. पण दोन्ही घटना एकाच मनःस्थितीतून आल्या, असे आमचे मत आहे. ज्याला स्वतःच्या वेतनाविषयी तोंड उघडता येत नाही, तो रुग्णाची वकिली काय करणार? १९९२ साली संस्था ब्रिटिश कामगार संघटनांच्या महासंघात, ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये, सामील झाली. २०२३ च्या जानेवारीत इंग्लंडातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत तिच्या सभासदांनी वेतनासाठी संप केला. चौघी परिचारिकांना ते रुचले असते की नाही, कोण जाणे! रोझलिंडबाई खासदाराच्या भाची होत्या.

आपल्याकडे हा व्यवसाय आला तो अब्रूचा आणि आज्ञेचा हा सारा वारसा घेऊनच. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराची शाळा निघाली. पोलिओने पंगू झालेली मुले हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. १९५५ साली भारतीय भौतिकोपचारकांची संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात या व्यवसायाच्या परिषदेचा कायदा झाला तो २००२ साली, आणि साऱ्या देशासाठी कायदा यायला २०२१ साल उजाडले. मधल्या काळात पाटी लावायला कुणाची आडकाठी नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्र काढले की, भौतिकोपचारकांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. त्यावर जेवढी शाई सांडली, तिच्या दशांशानेही या मुलामुलींच्या कंत्राटांविषयी कुणी लिहिले नाही. आणि नीतीची खरी परीक्षा तर तिथेच होते.

एक उदाहरण आमच्या माहितीतले आहे. एका कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या आमच्या सभासदाचा खांदा निखळला. कारखान्याने अकरा महिन्यांच्या कंत्राटावर एक तरुण फिजिओथेरपिस्ट बाई नेमली होती. बाराव्या दिवशी व्यवस्थापनाने तिच्यापुढे कागद ठेवला: माणूस पूर्ण कामास योग्य. बाईने तो खोडून खाली लिहिले की, सहा आठवडे हात खांद्यावर उचलायचा नाही, वजन पाच किलोच्या आत. तिला सांगण्यात आले की, पगार कारखाना देतो. तिने उत्तर दिले, “पण खांदा त्यांचा आहे.” तो कागद घेऊन आम्ही बोलणी केली आणि माणसाला स्टोअरमध्ये हलके काम मिळाले. त्याच्यासाठी आमच्याकडे करार होता, कलम होते, गेटवर उभे राहणारे चारशे लोक होते. बाईच्या बाजूने काहीच नव्हते. तिची नीती १८९४ च्या कुठल्याही नियमाहून उजवी होती. परंतु तिचे कंत्राट मार्चमध्ये संपले ते पुन्हा झाले नाही. तिची जागा भरली गेली, आणि नव्या माणसाच्या नेमणूकपत्रात एक ओळ वाढवलेली आम्ही वाचली: कामावर रुजू होण्याविषयीचा शेरा व्यवस्थापनाच्या संमतीने द्यावा.