शरीर मोजायचं, पण नेमकं काय? चरबी आणि स्नायूंच्या मोजमापाचा इतिहास, पुण्यामार्गे

पीएचडीला प्रवेश मिळाला त्या वर्षी मी कोथरूडमधल्या एका जिममध्ये नाव घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच वजनं उचलत होते. दोन महिन्यांनी तिथल्या यंत्राने एक कागद छापून दिला: वजन तेवढंच, चरबी दीड टक्का वाढलेली, स्नायू थोडे घटलेले. पण सुरुवातीला जेमतेम रिकामा बार पेलणारी मी तोवर ४० किलोचं स्क्वॉट मारत होते. मग कागद खरा की माझे पाय? वैतागून त्याच संध्याकाळी पुन्हा यंत्रावर उभी राहिले. चरबी दोन टक्के कमी! सकाळ ते संध्याकाळ, एवढ्यात.

दुसऱ्या दिवशी मॅडमना (माझ्या गाइड) हे हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, हा फरक शरीरातला की यंत्रातला?"

तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर हा प्रश्न तुमच्याही वाटेवर आहे. त्याचं उत्तर मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या विषयाच्या इतिहासात जास्त नीट सापडलं. आणि त्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा पुण्यातलाच आहे.

तालमीपासून वजनकाट्यापर्यंत

पुण्याच्या पेठांमध्ये जिमच्या कितीतरी आधी तालमी होत्या. तिथे मोजमाप होतं, पण ते शरीर काय करू शकतं याचं. जोर किती, बैठका किती, मुद्गल किती वेळ फिरतो, मातीत किती दम टिकतो. फार तर छाती आणि दंड टेपने मोजायचे. त्या दंडात चरबी किती आणि स्नायू किती, हा प्रश्न वस्तादाला पडत नसे, कारण कुस्तीत उत्तर आपोआप मिळायचं.

विज्ञानाची सुरुवात वेगळ्याच टोकाने झाली. बेल्जियमचा अॅडॉल्फ केटले हा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ 'सरासरी माणूस' शोधत होता. १८३० च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत अॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी याच गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. ते लोकसमूहांची तुलना करायला सोयीचं होतं. एकेका माणसाचं निदान हा त्याचा मूळ उद्देश नव्हता.

वजन म्हणजे चरबी नव्हे, हे तोवर माहीत झालेलंच होतं. अमेरिकन नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेन्के पाणबुड्यांवर काम करत. नायट्रोजन चरबीत जास्त विरघळतो, म्हणून पाणबुड्याच्या अंगात चरबी किती हे कळणं त्यांना गरजेचं होतं. त्यांनी माणसं पाण्याखाली तोलली. १९४२ मध्ये त्यांनी व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंची मापं प्रसिद्ध केली. उंची-वजनाच्या तक्त्यांनुसार त्यातले बरेच जण 'जाड' ठरत होते, पण त्यांची घनता सांगत होती की अंगात चरबी कमीच आहे, वजन स्नायूंचं आहे.

पण घनतेवरून चरबीचा टक्का काढायला सूत्र लागतं. विल्यम सिरी यांचं सूत्र आजही शिकवतात: ४९५ भागिले घनता, वजा ४५०. त्यात धरून चाललेलं असतं की चरबीची घनता ०.९ आणि बाकी सगळ्या शरीराची १.१. हा १.१ आकडा बोटांवर मोजण्याइतक्या शवांच्या आणि प्राण्यांच्या विश्लेषणाच्या आधारावर उभा आहे. १९७४ मध्ये डर्निन आणि वोमर्स्ली यांनी ४८१ स्त्री-पुरुषांच्या त्वचेच्या घड्या चार ठिकाणी कॅलिपरने मोजल्या, त्यांची पाण्यातल्या घनतेशी सांगड घातली आणि समीकरणं दिली. ती स्वस्त, सोपी, म्हणून जगभर गेली. भारतातही आली. ही माणसं मात्र ग्लासगोची होती.

इथे थांबून एक गोष्ट वहीत लिहा. जिवंत माणसाची चरबी यातलं कोणतंही साधन थेट मोजत नाही. एक काहीतरी मोजलं जातं आणि गृहीतकाच्या पुलावरून दुसऱ्या गोष्टीकडे जावं लागतं. तो पूल कुणाच्या शरीरांवर बांधला, हे विचारायलाच हवं.

पुण्याची बाळं

१९९३ मध्ये केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू केला. गरोदर बायकांचा आहार, कष्ट आणि मग बाळांची मापं. २००३ मध्ये त्यांनी इथल्या ६३१ बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी केली. इथल्या आयांचं सरासरी वजन ४४.६ किलो. बाळांचं २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५.

लहान बाळ सगळ्याच बाबतीत लहान असेल, असं वाटतं ना? तसं नव्हतं. साउथॅम्प्टनची सरासरी शून्य धरली, तर पुण्याच्या बाळांच्या दंडाचा घेर उणे १.८२ प्रमाणित विचलनांवर होता. पोटाचा घेर त्याहून मागे, उणे २.३८. पण पाठीवरच्या, खांद्याच्या पात्याखालच्या त्वचेची घडी फक्त उणे ०.५३. म्हणजे स्नायू आणि पोटातले अवयव मागे पडले होते, चरबी मात्र बरीचशी टिकून होती. 'थिन-फॅट' बाळ हा शब्द इथून रूढ झाला. हे कळलं ते टेप आणि कॅलिपरने. नुसतं वजन केलं असतं, तर 'बाळं कमी वजनाची' यापुढे काही कळलं नसतं.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटंसं पान आलं. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी फोटो. दोघांचा बीएमआय २२.३. डेक्सावर युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. एक मॅरेथॉन धावणारे, तर दुसऱ्यांचं धावणं हॉस्पिटलची लिफ्ट पकडण्यापुरतं, अशी कोपरखळी लेखकांनी स्वतःलाच मारली होती. आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. दोन माणसं, एक पान, पण बीएमआयची मर्यादा समजावून सांगायला याहून चांगली स्लाइड मला अजून मिळालेली नाही.

फरक मोजणं वेगळं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरचा सगळा इतिहास दोन माणसांत किंवा दोन समूहांत फरक किती, याचा आहे. नवख्याने व्यायाम सुरू केल्यावर आपल्याला तोच माणूस दोनदा मोजायचा असतो.

तुम्ही म्हणाल, मग सोपं झालं! सूत्र ग्लासगोचं असलं तरी चूक दोन्ही वेळी सारखीच, वजाबाकीत निघून जाईल. मलाही असंच वाटलं होतं. पण ती चूक स्थिर राहिली तरच निघून जाते, आणि व्यायाम नेमकी तीच गृहीतकं हलवतो. जिममधलं यंत्र अंगातून बारीक वीजप्रवाह सोडतं, त्यावरून पाणी अदमासतं आणि चरबीविरहित शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं असं धरून पुढे जातं. नवखा माणूस वजनं उचलू लागला की स्नायूंत ग्लायकोजन साठतं आणि ते एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायूंना सूजही असते. ब्राझीलमध्ये नवख्या तरुणांवर झालेल्या २०१६ च्या अभ्यासात पहिल्या तीन आठवड्यांत 'वाढलेल्या' स्नायूचा काही भाग ही सूजच असल्याचं दिसलं. ताकद मात्र आधीच वाढू लागते, कारण आधी मज्जासंस्था शिकते. माझं ४० किलोचं स्क्वॉट आणि तो कागद, दोन्ही एकाच वेळी का असू शकतात, ते आता कळलं असेल.

डेक्सा जास्त भरवशाचं आहे, पण तेही 'लीन' म्हणून जे दाखवतं त्यात पाणी आलंच. आणि प्रत्येक यंत्राची स्वतःची थरथर असते. तिचा हिशोब असा: एकाच माणसाला लागोपाठ मोजल्यावर येणारी चूक काढायची आणि तिला २.७७ ने गुणायचं. का? दोन मापांची वजाबाकी असल्याने √२ आणि ९५ टक्के खात्रीसाठी १.९६. याला 'लीस्ट सिग्निफिकंट चेंज' म्हणतात. समजा चूक ०.५ किलो आहे, तर जवळपास १.४ किलोपेक्षा कमी बदलावर एका माणसाबाबत बोलूच नये. नवख्याचे स्नायू दोन-तीन महिन्यांत एक-दोन किलो वाढले तरी खूप. म्हणजे आपण कायम काठावरच उभे!

ही चूक कंपनीच्या माहितीपत्रकातून उचलायची नसते. आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच हाताने ३० जणांना दोनदा किंवा १५ जणांना तीनदा मोजून काढायची, असा डेक्सासाठीचा प्रचलित नियम आहे. माझे सुरुवातीचे चार महिने यातच गेले. तेव्हा वाटलं, वेळ वाया चालला. पण सहभागी मुलींपैकी एकजण रडवेली होऊन "ताई, माझे स्नायू कमी झाले का?" असं विचारायला आली, तेव्हा मी तिला खात्रीने सांगू शकले की हा फरक आपल्या यंत्राच्या थरथरीतच बसतो. तो आकडा माझ्याकडे नसता, तर तिने व्यायाम सोडला असता आणि मी ते 'ड्रॉपआउट' म्हणून नोंदवलं असतं.

आता मी सगळ्यांना सकाळी, उपाशीपोटी, ठरलेल्या वेळी मोजते. आदल्या ४८ तासांत व्यायाम नाही. मुलींच्या बाबतीत पाळीची तारीख नोंदवते, कारण तेव्हाही पाणी हलतं. आणि तालमीतलं माप सोडलेलं नाही: कोण किती वजन किती वेळा उचलतं, हे प्रत्येकीच्या नावापुढे लिहिलेलं असतं.

मुलाखतीला जाण्याआधी एक प्रयोग करून बघा. शिंप्याचा टेप घ्या, मैत्रिणीचा किंवा भावाचा दंड दहा वेळा मोजा, प्रत्येक वेळी टेप काढून पुन्हा लावा आणि आकडे लिहा. दहा आकड्यांत जो विस्कळीतपणा दिसेल, तो तुमचा. "तुमच्या साधनाची चूक किती?" असं समितीने विचारलं, तर निदान एका साधनाबद्दल तुमच्याकडे खरं उत्तर असेल.