पूर्व दरवाजा, २ मार्च १९३०

सकाळी लवकर या. फाल्गुन नुकताच लागलाय, गोदावरीवरून येणारा वारा अजून गार आहे. काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाज्यावरच्या नगारखान्यात नगाऱ्याची कातडी शेकणं चाललंय. खालीच उभे राहा. तुम्हाला फुंकीची वाद्यं ऐकायची आहेत ना? आज पंचवटीत त्यांच्या दोन मैफिली आहेत, आणि तिकीट एकीलाही नाही.

चौघडा सुरू होतो. सनईकडे नंतर वळा, आधी तिच्या मागचा सूर ऐका. तो धरणारा पोरगा बारा-तेरा वर्षांचा असेल. त्याच्या हातातल्या नळीची भोकं मेणाने बुजवलेली आहेत, त्यामुळे बोटांना काम नाही. षड्ज लावायचा आणि तुटू द्यायचा नाही, एवढंच त्याचं शिक्षण. गालात हवा साठवायची, ती ओठांतून सोडता सोडता नाकाने नवी आत घ्यायची. हे जमायला वर्षं जातात, आणि ते जमल्याशिवाय हातात सनई येत नाही. शेजारी थोरले भैरव मांडतायत. ते मध्ये दम खातात, पोराला ती सोय नाही.

नगारे थांबल्यावर वरून आवाज येतो, "दोनदा तुटला रे आज."

"आप्पा, खोकला आला."

"खोकला चौघडा झाल्यावर."

ही जागा नीट बघून घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलेलं मंदिर, भोवती सतरा फुटी भिंत, चार दिशांना दरवाजे. सनई वाजते ती दरवाज्याच्या डोक्यावर, धड आत नाही आणि धड बाहेरही नाही. आपल्याकडे वीणा देवीच्या मांडीवर बसली, पखवाज गाभाऱ्यासमोर गेला. सनई मात्र उंबऱ्यावरच थांबली. तोंड लागतं म्हणून उष्टी, असं कारण सांगतात. मला ते पटत नाही. शंखाला काय तोंड लागत नाही? वाजवणारा कोण, यावर बरंच ठरत असावं. इथे वर बसतात ते देवळाचे मानकरी. गावोगावच्या लग्नांत नवरदेवाला मारुतीच्या पारापर्यंत वाजत नेणारे वाजंत्री बहुतेकदा मातंगवाड्यातून, महारवाड्यातून येतात. नवरदेव देवळात जातो आणि ते बाहेर वाजवत राहतात.

दुपारपर्यंत वेळ आहे, तोवर रामनाम आधाराश्रमावरून एक चक्कर मारा. विष्णु दिगंबर पलुस्करांचा हा आश्रम. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून बुवांनी गाणं वर्गात आणलं, त्याला वेळापत्रक दिलं, क्रमिक पुस्तकं दिली. पुढे मुंबईतली शाळेची इमारत कर्जापायी गेली आणि पंचवटीत हा आश्रम उरला. त्यांचा दत्तात्रेय आत्ता आठ वर्षांचा आहे, डी. व्ही. पलुस्कर म्हणून तुम्ही त्याला ओळखता. बुवांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीला आहेत. आणखी दहा दिवसांनी, १२ मार्चला, ते गांधीजींबरोबर दांडीच्या वाटेवर गात निघतील. म्हणजे या महिन्यात गाण्याला पायी चालायचंच आहे. फक्त दांडीकडे जाणाऱ्यांना सगळा देश बघणार आहे, आणि इथे काळाराम मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून जे चालणार आहेत त्यांच्यासाठी आळीतल्या खिडक्या बंद होतायत.

तीन वाजून गेले की पूर्व दरवाज्याकडे परत या.

आधी काहीच दिसत नाही, फक्त ढोलाचा ठोका येतो. मग वळणावरून बँड पुढे येतो. चाल लष्करी, धून देशी. त्यामागे स्काउटची पोरं, त्यांच्यामागे बाया, मग पुरुष, सगळे चार-चारच्या रांगेत. रांग जवळपास मैलभर लांब आहे. नाशकाने एवढी मोठी मिरवणूक याआधी पाहिलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत, भाऊराव गायकवाड आहेत. गायकवाडांना पुढे सगळे दादासाहेब म्हणतील. गोंधळ नाही, ढकलाढकली नाही. ही शिस्त आली कुठून, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. यांच्यातल्या कितीतरी घरांत पलटणीची पेन्शन येत होती. खुद्द बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. देवळाने दारात उभं केलं नाही, पण छावणीने पावलं मोजायला शिकवलं.

बँडमध्ये क्लॅरिनेटवर एक कोवळा पोरगा आहे. सकाळच्या पोराहून फार तर दोन वर्षांनी मोठा. नवखा आहे, वरच्या पट्टीत गेला की पत्ती किंचाळते आणि शेजारचा कॉर्नेटवाला डोळे वटारतो. सकाळच्या सुरासारखा हा श्वास अखंड नाही, दर चार पावलांनी तुटतो. चालणाऱ्याचा श्वास असाच असणार. परीक्षक असतो तर मी याला सकाळच्यापेक्षा कमी गुण दिले असते, आणि ऐकायला मात्र याच्याच मागे गेलो असतो.

दरवाजा बंद आहे. पुढे पोलीस उभे आहेत. वरचा नगारखाना रिकामा आहे. बाकीचे तीन दरवाजेही बंदच. धून मात्र सतरा फुटी भिंत ओलांडून सभामंडपात पोचली, आणि तिला अडवायची युक्ती आतल्या कुणालाच सुचली नाही. वाजवणारे बाहेरच राहिले. थोड्या वेळाने रांगेचं तोंड नदीकडे वळतं.

घाटावर मिरवणुकीची सभा होते. तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे. महिनाभर देऊळ बंद राहील, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड पडतील, लढा वर्षानुवर्षं ओढला जाईल आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेब धर्म सोडायची घोषणा करतील. इथे कुणाला सांगत बसू नका. त्यांना आत्ता उद्याचं ठरवायचं आहे. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया, चारही दरवाज्यांवर वाटून.

क्लॅरिनेटवाला पोरगा पायरीवर बसून पत्ती पुसतोय. त्याच्या शेजारी वही घेतलेला एक जण नावं लिहून घेत तुमच्यापाशी येतो.

"पाव्हणं, गाव कोणतं?"

तुम्ही म्हणता, मी ऐकायला आलोय.

"ऐकलंत ना? मग नाव सांगा. उत्तरेच्या दरवाज्याला माणसं कमी पडतायत."