तळटीप : खंडेराव मार्केट

* ‘बाजारातून भाजी आणली’ एवढेच लेखक म्हणतो. हा बाजार म्हणजे बडोद्याचे खंडेराव मार्केट. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी ते १९०६ साली खंडेराव महाराजांच्या स्मरणार्थ उभारले. खंडेराव १८७० सालीच वारले होते. त्यांच्या पत्नी जमनाबाई यांनी १८७५ साली सयाजीरावांना दत्तक घेतले. तेव्हा हे दत्तक पित्याचे स्मारक, आणि तेही बाजाराच्या रूपात! मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट (१८६९) विल्यम इमर्सनने विलायती धाटणीत बांधले, पुण्याची मंडई (१८८६) गॉथिक वळणाची. बडोद्याने मात्र कमानी, घुमट आणि छत्र्यांची इंडो-सारासेनिक शैली पत्करली. १८९० साली पुरा झालेला लक्ष्मीविलास राजवाडा याच घराण्यातला. मार्केटचा दर्शनी भाग इतका भारदस्त, की नवख्याने त्याला राजवाडाच समजावे. कोथिंबिरीच्या जुड्या, झेंडूचे ढीग आणि दरावरून चाललेली घासाघीस मागच्या अंगाला. माझ्या मते वास्तूची खरी गंमत या जोडणीत आहे, घुमटांत नव्हे. पुढच्या इमारतीत महानगरपालिकेचे कार्यालय आहे. – संपा.