यंत्रात नकाशा भरताना : जीपीएस, नकाशे आणि विश्वास यांचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाने हे कुठलं खूळ काढलं? जीपीएसच्या यंत्रात नकाशाचं सॉफ्टवेअर बसवणं हे दुकानदाराचं किंवा घरातल्या नातवाचं काम. त्यावर व्याख्यान कसलं? पण ज्ञान आपल्यापर्यंत कसं पोचतं आणि त्यावर आपण कशाच्या बळावर विश्वास ठेवतो, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. गेल्या पंचवीस वर्षांत तो आपल्या सगळ्यांच्या तळहातावर येऊन बसला. म्हणून आज आपण त्याचा इतिहास पाहू.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करू. जीपीएस आणि नकाशा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फोनमुळे त्या इतक्या एकजीव झाल्या आहेत की हा फरक आपण विसरलो. जीपीएस म्हणजे उपग्रहांची व्यवस्था. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांना तुमचं गाव, रस्ता, नदी यांतलं काहीही ठाऊक नसतं. ते फक्त स्वतःची जागा आणि वेळ सांगत राहतात. संदेश यायला किती वेळ लागला यावरून तुमच्या हातातलं यंत्र अंतर काढतं. चार उपग्रह दिसले की गणित सुटतं : तीन आकडे जागेचे आणि चौथा यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. एक मायक्रोसेकंद चुकला तर अंतर ३०० मीटरने चुकतं, इतकं हे घड्याळांचं प्रकरण आहे. या साऱ्यातून शेवटी हाती काय येतं? अक्षांश आणि रेखांश. दोन आकडे. त्या आकड्यांच्या जागी डोंगर आहे, दरी आहे की कुणाचं अंगण, हे सांगायला नकाशाच लागतो.

आता इतिहास. या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि तो अमेरिकी लष्करासाठी होता. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं मेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की ही व्यवस्था तयार झाल्यावर नागरी वापरासाठीही खुली राहील. खुली झाली, पण हातचं राखून. नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे तुमची जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ही चूक काढून टाकायला सांगितलं आणि एका रात्रीत जगभरातली जुनीच यंत्रं अचूक झाली. कुणी काही विकत घेतलं नाही, दुरुस्त केलं नाही. चूक आकाशातच मिसळली जात होती, ती तिथेच थांबली.

इथून नकाशाची भूक वाढली. चूक शंभर मीटरची असते तेव्हा जाड रेघांचा नकाशाही चालतो. ती दहा-वीस मीटरवर आली की नकाशाचा ढिसाळपणा उघडा पडतो. तुम्ही रस्त्यावर उभे आहात आणि पडदा तुम्हाला शेजारच्या उसात दाखवतो!

त्या काळचं यंत्र कसं होतं ते तरुणांना सांगायला हवं. गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स लेजंड नावाचं यंत्र तेव्हा लोकप्रिय होतं. नकाशासाठी त्यात जागा होती ८ एमबी. आज फोनवर काढलेले दोन-तीन फोटोही त्यात मावायचे नाहीत. त्यामुळे अख्खा देश यंत्रात भरता येत नसे. संगणकावर आधी मॅपसोर्ससारखं सॉफ्टवेअर बसवायचं, पडद्यावर नकाशाचे चौकोन दिसायचे, त्यातले हवे तेवढे निवडायचे आणि केबलने हळूहळू यंत्रात उतरवायचे. दुसरीकडे जायचं ठरलं की पहिले पुसायचे, नवे भरायचे. प्रवासाआधी शिदोरी बांधावी तसा नकाशा बांधून घ्यावा लागे.

या कामातले वैताग आमच्या पिढीतल्या हौशी भटक्यांना चांगले ठाऊक आहेत. पहिला वैताग कुलुपाचा. विकत घेतलेला नकाशा यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेला असे. यंत्र बदललं की नकाशा मुका. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटात एकाचं यंत्र पाण्यात पडून गेलं. नकाशाची तबकडी घरात शाबूत, पावती शाबूत, पण नव्या यंत्रात तो नकाशा उघडेना. विक्रेत्याने शांतपणे सांगितलं, 'पुन्हा घ्या.' आम्ही विचारलं, मग आधी आम्ही नक्की काय विकत घेतलं होतं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. छापील नकाशा पिशवी बदलली म्हणून वाचता येईनासा होत नाही.

पण कुलूप का होतं, हेही समजून घेऊ. रस्त्यांचा डिजिटल नकाशा तयार करणं हे अफाट खर्चाचं काम आहे. गाड्या घेऊन माणसं रस्तोरस्ती फिरतात, कुठे एकेरी वाहतूक आहे, कुठे वळता येत नाही ते टिपतात आणि काही महिन्यांनी पुन्हा फिरतात, कारण रस्ते बदललेले असतात. इतक्या कष्टाने केलेली गोष्ट क्षणात नक्कल होऊ शकते. त्या भीतीतून कुलूप आलं. म्हणजे दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, आणि ते दोन्ही आपल्याला एकत्र धरून ठेवावं लागतं.

दुसरा वैताग अधिक खोल आहे आणि त्याची मुळं थेट १८०२ पर्यंत जातात. त्या वर्षी विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन हा माणूस दोन दशकं उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे काम जॉर्ज एव्हरेस्टने चालवलं. पृथ्वीचा आकार भारतीय उपखंडाला नीट बसेल असा एक लंबगोल त्याने काढला. १८३० चा एव्हरेस्ट लंबगोल म्हणतात तो हाच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दीर्घकाळ त्यावर आधारलेले होते. जीपीएस मात्र साऱ्या पृथ्वीसाठी ठरवलेला वेगळा लंबगोल वापरतं. त्याला डब्ल्यूजीएस-८४ म्हणतात.

परिणाम काय? एकाच जागेचे दोन पद्धतींतले अक्षांश-रेखांश जुळत नाहीत. आपल्या भागात हा फरक साधारण शंभर मीटरच्या घरात जातो. १:५०,००० च्या नकाशावर शंभर मीटर म्हणजे दोन मिलिमीटर. कागदावर नजरेतून सुटेल एवढं. पण सह्याद्रीच्या धारेवर, धुक्यात, दोन मिलिमीटर म्हणजे पठार आणि कडा यांच्यातलं अंतर. यंत्राच्या सेटिंगमध्ये 'डेटम' नावाची एक लांबलचक यादी असे. बहुतेक लोक तिकडे फिरकत नसत. त्या यादीमागे लॅम्टन आणि एव्हरेस्ट उभे आहेत, हे आमच्या गटात आम्ही प्रत्येक नव्या माणसाला आधी सांगत असू.

तिसरा वैताग आपल्या देशाचा. आपल्याकडे नकाशा ही बराच काळ सुरक्षेची बाब मानली गेली. सीमा आणि किनारपट्टीलगतच्या भागांचे तपशीलवार सरकारी नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि लोकांसाठी दुसरी अशा दोन मालिका केल्या; लोकांसाठीची मालिका डब्ल्यूजीएस-८४ वर आणली. २०२१ च्या फेब्रुवारीत भारतीय कंपन्या आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली गेली. दरम्यानच्या काळात खासगी कंपन्यांनी स्वतः रस्ते फिरून भारताचे नकाशे उभे केले.

चौथा वैताग भाषेचा. जुन्या यंत्रांत देवनागरी अक्षरंच नव्हती. गावांची नावं रोमन लिपीत. वडगाव शोधायचं तर 'व्ही' की 'डब्ल्यू'? शेवटी 'एओ' की 'ए'? आणि कुठलं वडगाव? आपल्याकडे वडगावं काय कमी आहेत! शोधाचा साचा होता तो घर क्रमांक, रस्ता, शहर असा. आपला पत्ता असतो मारुतीच्या देवळामागे, चिंचेच्या झाडाजवळ, पाटलांच्या वाड्यासमोर. यंत्राला हा पत्ता कळत नव्हता. जिथे लोक पत्ता वेगळ्या रीतीने सांगतात, तिथे परक्या साच्याचं सॉफ्टवेअर अडखळणारच.

मग फायदा काय झाला, असं कुणी विचारेल. पुष्कळ झाला. एकदा भरलेला नकाशा आपल्याजवळ राहतो. घाटात, जंगलात, मोबाइलची रेंज गेली तरी तो चालतो. उपग्रहाचा संदेश ऐकायला रेंज लागत नाही. आलेला मार्ग यंत्रात उमटतो, त्यामुळे अंधार पडला तरी आल्या पावली परतता येतं. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे, या वैतागातूनच लोक नकाशा करायला शिकले. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. हौशी माणसं यंत्र घेऊन चालायची, आपली वाट संगणकावर चढवायची आणि ती रेघ नकाशात जायची. गार्मिनच्या नकाशाच्या फाइलची रचना कंपनीने जाहीर केलेली नव्हती. हौशी मंडळींनी ती उलगडली आणि हा मोकळा नकाशा त्या यंत्रांत भरायची मोफत साधनं लिहिली. ज्या यंत्रात कुलूपबंद नकाशा जात होता, त्यातच लोकांनी केलेला नकाशा जाऊ लागला. पाण्याचं टाकं, गुहा, ढोरवाट, अशा गोष्टी व्यापारी नकाशात कशाला येतील? त्या आल्या त्या चालणाऱ्यांमुळे.

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये गुगलने फोनवर वळणावळणाचं मार्गदर्शन फुकट द्यायला सुरुवात केली. गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर धाडकन कोसळले. नकाशा 'बसवणं' ही क्रियाच बहुतेकांच्या आयुष्यातून गेली.

इथे आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. समोरचा कडा डोळ्यांनी दिसतो, ते प्रत्यक्ष. उपग्रहांच्या वेळेवरून जागा काढली जाते, ते अनुमानाच्या जातीचं. आणि नकाशा? तो शब्दप्रमाण आहे. कुणीतरी तिथे जाऊन आलं आणि त्याने आपल्याला सांगितलं. शब्द प्रमाण कधी ठरतो? सांगणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला फसवायचं नाही, असा.

हाताने नकाशा भरताना हा आप्त कोण, ते आपल्याला माहीत असे. नकाशा कुणी केला, कोणत्या वर्षीचा, कोणत्या डेटमवर, हे सगळं समोर येत असे. नाहीतर तो बसतच नसे. आज नकाशा न मागता येतो आणि न सांगता बदलतो. काल दिसत असलेली वाट आज पुसली तर ती कुणी आणि का पुसली, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही. सोय झाली हे खरं, ती नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे आज नाविकचे स्वतःचे उपग्रहही आहेत. पण उपग्रह आपले झाले म्हणून नकाशा आपोआप आपला होत नाही. तो करावा लागतो, तपासावा लागतो, आणि गावातल्या माणसाला विचारून दुरुस्त करावा लागतो.

तेव्हा आम्ही आपल्याला एक छोटं काम सुचवतो. ओपनस्ट्रीटमॅपवर आपलं गाव किंवा आपली गल्ली उघडून बघा. काय चुकलंय, कशाचं नाव राहिलंय, ते टिपा आणि शक्य झालं तर स्वतः दुरुस्त करा. नाव देवनागरीत लिहा. पुढच्या वेळी त्या नकाशावरून कुणी अनोळखी माणूस अंधारात वाट काढत असेल, तेव्हा त्याच्यासाठी आप्त तुम्ही असाल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.